भाजीची बागही राजवाड्याच्या दारात शोभते, नागपुरात एक तरी करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात शहरातल्या गार्डनांबद्दल वाचकांची पत्रं नेहमी येतात, कुठे लाइट बंद, कुठे झोके तुटलेले, कुठे गवत गुडघ्यापर्यंत वाढलं आणि साप निघाला. मी ती सगळी वाचतो कारण माझं पोटच झाडांवर आहे, हिंगणा रोडकडे छोटी नर्सरी चालवतो. पण त्या पत्रांत एक मागणी मला कधी दिसली नाही, ती म्हणजे आमच्या गार्डनला एक पक्का माळी द्या आणि कुठे काय लावायचं याचा एक नकाशा द्या. आपण लाइट मागतो, झोके मागतो, ग्रीन जिम मागतो, माळी कोणी मागत नाही. फ्रान्समधल्या बागा बघून आल्यापासून हेच डोक्यात घुमून राहिलं आहे, आणि नीट सांगायचं तर थोडं लांबेल, पण जागा असेल तर छापा ही विनंती.

पुतण्या नोकरीसाठी पॅरिसला असतो. पावसाळ्यातला नर्सरीचा सीझन आटोपला की या, असं तो किती दिवसांपासून म्हणत होता, तर यंदा सप्टेंबरात आम्ही नवराबायको जाऊन आलो. पॅरिसमध्ये सगळे जे बघतात ते आम्हीही बघितलं, त्याबद्दल लिहायची गरज नाही, ते फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर असतात. मला बघायच्या होत्या गावाबाहेरच्या जुन्या शातोंच्या बागा, म्हणजे सरदार-मंत्र्यांचे दगडी वाडे, चहूकडे शेती आणि जंगल आणि वाड्यामागे फूटपट्टी लावून आखलेली बाग.

पहिली बघितली ती व्हो-ल-व्हिकोंतची. पॅरिसपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, गार द लेस्ट स्टेशनवरून ट्रेन पकडायची आणि पुढे शटल बस. हा वाडा निकोला फुकेने बांधला, चौदाव्या लुई राजाचा अर्थमंत्री. 1656 मध्ये काम धरलं आणि 1661 पर्यंत उभं केलं, आर्किटेक्ट लुई ल व्हो, आतली चित्रं शार्ल ल ब्रंची आणि बाग आंद्रे ल नोत्रची. 17 ऑगस्ट 1661 ला फुकेने राजाला घरी जेवायला बोलावलं, नाटक, कारंजी, फटाके, सगळा थाट केला आणि 5 सप्टेंबरला राजाने त्याला नांत शहरात अटक केली. लोक म्हणतात पार्टीचा थाट बघून राजा जळला, पण अटकेचं आधीपासूनच शिजत होतं, राजाचा दुसरा अधिकारी कोल्बेर फुकेच्या हिशोबाच्या मागे लागला होता. खटला तीन वर्षं चालला, कोर्टाने देशाबाहेर हाकला म्हटलं तर राजाने ती शिक्षा वाढवून जन्मठेप केली आणि फुके 1680 मध्ये कैदेतच वारला. आणि राजाने ती तिघांची टीम उचलली आणि व्हर्सायच्या राजवाड्याच्या कामाला लावली.

टीमच उचलली असं नाही, पुतळे नेले, गालिचे नेले आणि संत्र्याची झाडंसुद्धा नेली! हे ऐकल्यावर नागपूरच्या माणसाला व्हर्सायला गेल्याशिवाय राहवणार आहे का. तिथला संत्र्याच्या झाडांसाठी बांधलेला दगडी हॉल 1684 ते 1686 मध्ये झाला, मधलं दालन दीडशे मीटरहून लांब आहे. संत्री, लिंबं, डाळिंबं, ताड मिळून हजारावर झाडं, सगळी लाकडी पेट्यांत, ऑक्टोबर लागला की आत न्यायची आणि मे महिन्यात बाहेर काढायची कारण तिकडची थंडी या झाडांना सोसत नाही. आम्ही गेलो तेव्हा ती बाहेर ओळीने मांडलेली होती. लोक राजवाड्याकडे तोंड करून फोटो काढत होते आणि मी पेटीजवळ वाकून बसलो होतो, कारण त्या पेटीची बाजू काढता येते. लोखंडी पट्टी सरकवायची, फळी बाजूला करायची, आतली मुळं छाटायची, जुनी माती काढून नवी भरायची, फळी परत लावायची, झाड जागेवरून हलवायची गरज नाही. आपण कुंडीत संत्रं किंवा लिंबू लावतो आणि चारपाच वर्षांनी मुळं गोल फिरून गच्च झाली की झाड बसतं, तेव्हा कुंडी फोडावी लागते. ही पेटी शेकडो वर्षांपासून वापरात आहे आणि आपल्याकडचा कोणताही सुतार ती करू शकेल. मी माप घेऊन आलो आहे, सागवानात करून बघणार आहे.

तर व्हो-ल-व्हिकोंतच्या बागेबद्दल. वाड्याच्या मागच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की सगळी बाग एका नजरेत दिसते असं वाटतं, दोन बाजूंना नक्षीचे वाफे, मध्ये सरळ रस्ता, पाण्याचे हौद, त्याच्या मागे दगडी कमानी आणि पार टोकाला टेकडीवर हर्क्युलिसचा सोनेरी पुतळा. वाटतं दहा मिनिटांत जाऊन येऊ. चालायला लागलं की मग कळतं. चौकोनी हौदाजवळ पोचलो तर त्या हौदाला लागूनच दिसत होत्या त्या कमानी कुठच्या कुठे लांब, मध्ये जमीन एकदम खाली उतरलेली आणि खाली आडवा, लांबच लांब कालवा, जो वाड्यावरून अजिबात दिसत नाही. एका छोट्या नदीचं पाणी वळवून तो केलेला आहे. ल नोत्रने जमिनीला उतार दिला आणि लांबचे वाफे-हौद मुद्दाम मोठे ठेवले म्हणजे वाड्यावरून ते जवळ आणि प्रमाणात दिसतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी हे सगळं दोरी, खुंट्या आणि डोक्यातल्या भूमितीवर केलं. बायको म्हणाली हा माणूस इंजिनिअर असेल. इंजिनिअर नव्हता, माळ्याच्या घरातला होता. आजोबा माळी, बाप पॅरिसच्या त्युइलरी बागेत राजाचा माळी, हा तरुणपणी चित्रकाराच्या स्टुडिओत शिकायला गेला आणि तिथे नजरेची भूमिती शिकला. 1675 मध्ये राजाने त्याला सरदारकी दिली. माळ्याला सरदारकी! आपल्याकडे माळ्याला गार्डनच्या उद्घाटनाच्या पत्रिकेत तरी जागा मिळते का?

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फुके गेल्यावर ही जागा हातोहात फिरली आणि बागेची अवस्था फार वाईट झाली. 1875 मध्ये आल्फ्रेद सोमिए नावाच्या साखर कारखानदाराने ती विकत घेतली आणि जुनी छापील चित्रं आणि नकाशे काढून, बघून बघून बाग परत उभी केली. म्हणजे दोनशे वर्षांनी एक परका माणूस येतो आणि बाग परत करू शकतो, कारण काय कुठे होतं ते कागदावर होतं. आजही ती खासगी मालकीची आहे, तिकिटावर चालते. नागपुरातलं एखादं गार्डन उद्या उजाडलं तर ते परत तसंच्या तसं उभं करायला कोणाकडे काही कागद निघेल?

आणि तिथेही अडचणी आहेत, सगळं गोडगोड नाही. वाड्यासमोरच्या त्या नक्षीच्या वाफ्यांची हेज, म्हणजे झुडपांची कापलेली कड, बॉक्सवुडची होती. बॉक्सवुड म्हणजे बारीक पानांचं, फार हळू वाढणारं झुडूप, कात्रीला उत्तम, सगळ्या फ्रेंच बागांची नक्षी त्याचीच. त्यावर पूर्व आशियाकडून आलेला एक पतंग पडला, युरोपात तो पहिल्यांदा 2007 मध्ये सापडला, त्याच्या अळ्या हेजच्या हेज खाऊन काड्या ठेवतात, शिवाय बुरशीचा रोग वेगळा. शेवटी 2019 मध्ये व्हो-ल-व्हिकोंतच्या लोकांनी समोरची सगळी बॉक्सवुड उपटली आणि त्या जागी ॲल्युमिनियमच्या चकचकीत पट्ट्यांची नक्षी मांडली. काहींना ते आवडलं, मला धातू बागेत आवडत नाही, पण रोगट हेज ओढत बसण्यापेक्षा उपटून टाकायची हिंमत दाखवली याला मी मानलं. आपल्याकडे अर्धी मेलेली हेज दहा वर्षं तशीच उभी असते आणि तिच्यात खर्ऱ्याच्या पन्न्या अडकलेल्या असतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, अशी बाग नागपुरात चालणार नाही. मधल्या भागात सावली नाहीच, नुसती वाळूची रुंद वाट आणि उघडं आकाश, सप्टेंबरातल्या तिकडच्या उन्हात ठीक आहे, आपल्या मे महिन्यात 45 डिग्रीला तिथे कोण चालेल? आपल्याला कडुनिंब, चिंच, वड पाहिजे. कोणी अधिकारी परदेश दौरा करून असं काही कॉपी करायला निघाला तर मी आधी विरोध करीन. नागपुरात घेण्यासारखं आहे ते दुसऱ्या बागेत, व्हिलांद्रीला, आणि खरं पत्र तिथूनच सुरू होतं.

व्हिलांद्री लुआर नदीच्या खोऱ्यात, तूर शहरापासून पंधरा-सतरा किलोमीटर. वाडा 1536 च्या सुमाराचा, राजा पहिला फ्रान्स्वा याच्या मंत्र्याने बांधलेला. एकोणिसाव्या शतकात इंग्लिश स्टाइलची फॅशन आली तेव्हा जुनी आखीव बाग मोडून तिथे पार्क केला होता. 1906 मध्ये होआकिन कार्व्हालो नावाच्या स्पॅनिश डॉक्टरने आणि त्याच्या अमेरिकन बायकोने, ॲन कोलमनने, ही जागा घेतली, त्याने आपलं संशोधनाचं करिअर सोडलं आणि तो पार्क काढून सोळाव्या शतकातली आखीव बाग परत केली. (आपलं नागपूरचं कृषी महाविद्यालयही 1906 चंच.) बागेला वेगवेगळ्या उंचीचे टप्पे आहेत, वर पाण्याची बाग, मध्ये फुलांची नक्षी, त्यात प्रेमाचे चार प्रकार हेजमध्ये कापलेले, कोवळं प्रेम, धुंद प्रेम, चंचल प्रेम आणि शेवटी खंजिराच्या पात्यांचं दुःखी प्रेम, तिथे जोडप्यांची फोटोसाठी गर्दी असते. आम्ही ते बघून खाली उतरलो.

खाली भाजी आहे. वाड्याच्या समोर, अगदी तोंडासमोर, सारख्या मापाचे नऊ मोठे चौकोन, प्रत्येकाच्या आतली नक्षी वेगळी, आणि त्या नक्षीत भरलंय काय तर पत्ताकोबी, बीट, गाजर, लाल भोपळा, मिरची, वांगी, सेलरी. वरच्या गच्चीवरून बघितलं तर अंगणभर घातलेली रांगोळी दिसते. जांभळट लाल कोबीचा एक पट्टा, त्याला लागून गाजराच्या पाल्याचा पोपटी पट्टा, मग कांद्याच्या जातीतली निळसर पात, कडेने बुटकी हेज आणि बुटकी सफरचंदाची झाडं तारेवर आडवी बांधून केलेलं कुंपण, मध्येमध्ये उभ्या खोडाचे गुलाब. हे गुलाब म्हणे जुन्या काळातल्या मठांच्या आठवणीचे आहेत, भाजीमळ्यात काम करणारे साधू म्हणून लावलेले. मी आयुष्यभर भाजीची रोपं विकली, पत्ताकोबी इतकी देखणी असते हे मला तिथे कळलं, आणि बायको तर तिथून हलायलाच तयार नव्हती.

वर्षातून दोनदा लागवड होते, एक मार्चपासून जूनपर्यंतची आणि दुसरी जूनपासून नोव्हेंबरपर्यंतची, साधारण चाळीस प्रकारच्या भाज्या. आणि प्रत्येक वेळी नकाशा नवा, कारण एका कुळाची भाजी परत त्याच जागी लावायची नाही. कोबी, मुळा, मोहरी एका कुळातले, वांगी-टमाटर-मिरची दुसऱ्या, भोपळा-काकडी-दोडका तिसऱ्या, वाल-चवळी चौथ्या. वांगी काढून टमाटर लावले तर जमिनीतला मर रोग तसाच पुढे जातो, हे आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. तिथे हाच नियम सांभाळून परत रंगही जुळवायचे, त्यामुळे आधी कागदावर महिनोन्महिने डोकं लावतात. 2009 पासून बाग रासायनिक फवारणीशिवाय चालवतात, तण हाताने काढतात.

एक माळीणबाई काम करत होती ते मी बराच वेळ बघत उभा होतो. चाळिशीतली असेल, गुडघ्याला जाड पॅड बांधलेले, बाजूला बादली. कोबीच्या ओळीत गुडघ्यावर बसून प्रत्येक गड्ड्याचं खालचं पिवळं पान ती चिमटीत धरून खाली दाबून तोडायची, ओढत नव्हती म्हणजे खोडाला इजा नाही, पान बादलीत, मग खुरप्याच्या टोकाने दोन रोपांमधली माती हलवायची, पुढे सरकायची. एका जागी एक गड्डा फुटला होता तर तो काढून तिने ट्रेमधलं दुसरं रोप तेवढ्याच अंतरावर लावलं, आधी दोरी ताणून बघितली. म्हणजे ओळीत खड्डा राहू नये म्हणून रोपांचा राखीव ट्रे तयारच असतो. मी नर्सरीवाला आहे असं पुतण्याने फ्रेंचमध्ये सांगितल्यावर ती उठून उभी राहिली, हातमोजा काढला आणि हात मिळवला, मग दहा मिनिटं आमचं खत, गोगलगायी आणि पानं खाणाऱ्या अळ्यांवर बोलणं झालं. तिने सांगितलं की माळी सगळे मिळून दहाच्या आसपास आहेत, पगारी, कायम, आणि हिवाळ्यात हजारावर लिंडनच्या झाडांची छाटणी हेच लोक करतात, महिनोन्महिने चालते. सप्टेंबरच्या शेवटी तिथे भाजीबागेचे खास दिवस असतात, तेव्हा माळी स्वतः उभे राहून येणाऱ्या लोकांना काय कसं लावायचं ते समजावतात, लोक वह्या घेऊन येतात.

आता आपलं बघू. आमच्या लेआउटमधलं गार्डन, कोणाच्या ताब्यात आहे त्याचं नाव मी घेत नाही, चांगल्या खर्चाने झालं, मंत्री आले, फीत कापली. दुरंताची पिवळी हेज लावली, लॉन केलं, गुलाबाचे वाफे केले. वर्षभर एक माळी होता, हाताचा चांगला होता, माझ्याकडून येताजाता कात्रीला धार लावून न्यायचा. मग ठेका बदलला, तो गेला, नवीन माणूस आला तो झाडूही मारतो, गेटही उघडतो आणि पाणीही तोच टाकतो, त्याला छाटणी कोणी शिकवली नाही आणि शिकला तोपर्यंत परत ठेका बदलला. हेज वरून हिरवी आणि खालून काड्या झाली. हेज खालून रुंद आणि वरून निमुळती कापायची असते म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन मिळते, एवढं सांगणारा कोणी नाही. गुलाब गेले, त्या जागी गट्टू, म्हणजे फरशीचे सिमेंटचे ठोकळे, बसवले, आणि गट्टू कडुनिंबाच्या खोडाला इतके चिकटवून बसवले की आता खोड फुगून गट्टू उचलले जाऊन राहिले, पाणी मुळापर्यंत जातच नाही. त्या माळ्यांना मी दोष देत नाही. ज्याला सहा महिन्यांनी आपण इथे असू की नाही माहीत नाही तो माणूस झाडाचा पुढच्या वर्षीचा विचार काहून करेल?

बाग करणं हे या शहराला नवीन नाही. भोसल्यांच्या काळात नागपुरात तेलंगखेडी, तुळशीबाग, सक्करदरा, महाराजबाग अशा बागा झाल्या, तलाव बांधले. महाराजबाग आज कृषी विद्यापीठाकडे आहे, शेजारी कृषी महाविद्यालय आहे, हॉर्टिकल्चर शिकणारी पोरं आहेत. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. जमीन आहे, शिकलेली माणसं आहेत, म्हणून माझी सूचना अशी आहे की नागपुरात एका कोणत्याही मोठ्या गार्डनमध्ये, फार नको, अर्धा एकर जागा घेऊन नऊ चौकोनांची भाजीची आखीव बाग करा. राजेशाही थाटाची, पण आपल्या भाज्यांची.

हे कसं करायचं तेही मी विचार करून ठेवलं आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे विटांच्या कडा दोन वर्षांत वाकड्या होतात, म्हणून चौकोन जमिनीपेक्षा वीतभर उंच पाहिजे, खाली मुरूम, पाणी निघायला चर. बॉक्सवुडच्या नादाला लागू नका, आपल्या मे महिन्यात ती टिकणार नाही. कामिनीची हेज दिसायला सुंदर, फुलं सुगंधी, पण कामिनी संत्र्याच्याच कुळातली आहे आणि संत्र्यावर ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड तिच्यावर आरामात राहते, संत्र्याच्या पट्ट्यात ती नको, निदान संत्र्याच्या बागेजवळ तरी नाहीच. मेंदी लावा. मेंदी कात्रीला चांगली, उन्हाला पक्की, पाणी कमी लागते. आतल्या बारीक कडेला झेंडू, तो मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना आवरतो आणि टमाटरवरची फळं पोखरणारी अळी आधी झेंडूवर जाते.

आपला सीझन तिकडच्या उलटा आहे हे सोयीचं आहे. तिकडे हिवाळ्यात सगळं थंडावते, आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच भाजीचा राजा काळ. पालक, मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर), लाल भाजी, फुलकोबी, पत्ताकोबी, गाजर, बीट, मुळा, वाटाणा, भरताची मोठी वांगी, अंबाडीचे लाल देठ, आणि एक चौकोन पूर्ण भिवापुरी मिरचीचा, पिकली की अख्खा चौकोन लाल. अंबाडी आणि सांबार शेजारी लावून बघा, लाल आणि पोपटी, कोणत्या फुलांची गरज नाही. उन्हाळ्यात निम्मे चौकोन हिरव्या जाळीखाली भेंडी, गवार, चवळी, काकडी. उरलेल्यांना विश्रांती, म्हणजे पावसाच्या तोंडावर ताग किंवा धैंचा पेरायचा आणि फुलावर आला की जमिनीत गाडायचा. संत्री विसरू नका, चार कोपऱ्यांत चार संत्री त्या व्हर्सायच्या पद्धतीच्या पेटीत.

पाण्याचं कोणी विचारेल म्हणून सांगतो. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीज केंद्राला जाते, म्हणजे शुद्ध केलेलं पाणी वापरायची या शहराला सवय आहे. तसलं पाणी हेज, फुलं, मोठी झाडं यांना चालते. पानभाजीला मात्र ते नको, कच्ची खाल्ली जाते, तिला विहिरीचं किंवा बोअरचंच पाणी आणि तेही ठिबकने. जुन्या गार्डनांमध्ये विहिरी आहेत, काही बुजवल्या, काहींत कचरा आहे, त्या साफ केल्या तर अर्ध्या एकराला भरपूर होते.

आणि सगळ्यात आधी माळी. दोन माळी, कायम, चांगल्या पगाराचे, आणि त्यांच्या हाताखाली शिकायला कृषी महाविद्यालयाची दोन-चार पोरं दर सीझनला. गेटवर ज्या बोर्डावर नेत्यांची नावं असतात त्या बोर्डाशेजारी दुसरा बोर्ड, त्यावर या सीझनचा नकाशा, कोणत्या चौकोनात काय लावलं, मागच्या वेळी तिथे काय होतं, आणि खाली माळ्यांची नावं. शाळेची पोरं येतील, बघतील, विचारतील. शहरातल्या पोरांना गाजर जमिनीखाली येते की वर हे सांगता येत नाही, मी नर्सरीत येणाऱ्या पोरांना विचारतो म्हणून मला माहीत आहे. भाजी निघेल ती जवळच्या अंगणवाड्यांना द्या, लिलाव करू नका.

काही लोक म्हणतील भाजी चोरीला जाईल. जाईल थोडी. व्हिलांद्रीला तिकीट आहे आणि लोकांना शिस्त आहे हे मान्य, पण माझ्या नर्सरीच्या कुंपणाबाहेर मी कढीपत्ता आणि गवती चहा लावून ठेवला आहे, रस्त्याने जाणारे येणारे तोडून नेतात, झाड अजून उभं आहे कारण रोज कोणीतरी त्याच्याकडे बघते. ज्या गार्डनमध्ये सकाळ-संध्याकाळ माळी खुरपं घेऊन बसलेला दिसतो तिथे पोरं झाडं उपटत नाहीत, हे मी या शहरात बघितलं आहे.

खर्चाचंही तेच. मेंदीची काडी, भाजीचं बी, शेणखत, दोरी आणि खुंट्या, याला किती लागते? म्युझिकवाल्या कारंज्याच्या पंपाच्या बिलात अशी बाग वर्षभर चालेल असं मला वाटते. पैसा जाईल तो माळ्याच्या पगारात, आणि तो तिथेच जायला पाहिजे.

संबंधित अधिकारी किंवा एखाद्या कॉलेजचे प्राचार्य हे पत्र वाचून तयार झाले तर पहिल्या सीझनची भाजीची सगळी रोपं आणि मेंदीच्या काड्या मी माझ्या नर्सरीतून फुकट देतो, आखणीच्या दिवशी दोरी धरायलाही येतो. फक्त ऑगस्टच्या आत सांगा, कारण फुलकोबी-पत्ताकोबीचं बी सप्टेंबरात गादीवाफ्यावर टाकावं लागते आणि मेंदीची काडी पावसातच धरते.

आपला,
एक नर्सरीवाला वाचक,
हिंगणा रोड, नागपूर